छत्तीस सेंटिमीटरची तुळई

नवा रायपूरच्या एका अभियांत्रिकी कार्यालयात एक सवय सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. एखादा नियम आडवा आला, की दुसऱ्या पुस्तकातला सोयीचा नियम शोधायचा. ही सवय आपण कधी पाहिलीच नाही, असं आपल्यापैकी किती जणांना म्हणता येईल?

तरुण अभियंता वरदलाही ती लागली होती, फक्त त्याला ते कळलं नव्हतं. बीरगांवात कामगारांच्या मुलांसाठी वाचनालय व्हायचं होतं. त्याचं छत पेलायला काँक्रीट नव्हे, तर फळ्यांचे थर एकमेकांना चिकटवून केलेल्या लाकडी तुळया. वरदचं हे पहिलं स्वतंत्र काम. अशा तुळयांविषयी देशी मानकात, म्हणजे बांधकामाच्या सरकारी नियमपुस्तकात, त्याला हवं तेवढं सापडेना. म्हणून छतावरचं वजन त्यानं देशी पद्धतीनं धरलं आणि लाकडाची ताकद एका युरोपीय मानकातून घेतली. तुळईची उंची आली छत्तीस सेंटिमीटर.

"इतकी सडपातळ, अन् तीही लाकडाची?" त्याचे वरिष्ठ देवीदास सर खूश झाले. "शाबास. सोमवारी मंजुरीला पाठवू."

रविवारी सकाळी पुरानी बस्तीतल्या घरी वरद पोहे खात होता. शेजारी गोदूआत्या शिलाई मशीनवर बसली होती. त्याची धाकटी बहीण गंधाली तिच्याकडे शिवण शिकत होती, आणि तिनं कापलेली ब्लाउजची बाही खांद्याच्या मुंढ्याला काही केल्या पुरत नव्हती.

"पोट्टे, कुठं पाहून कापलं हे?"

"किताब देखकर ही काटा है, आत्या. एक में मुंढा आसान था, दूसरी में बाही."

"अस्सं. दोन पुस्तकं." आत्यानं चष्मा सारखा केला आणि दोन्ही पुस्तकं मांडीवर घेतली. "हे पाय. या पुस्तकानं मापातच माया, म्हणजे शिवणीसाठीचं जास्तीचं कापड, धरली. ते दुसरं म्हणते, माया कापताना सोडा. दोन्ही खरी हायेत. तू बाहीचा आकडा त्याचा घेतला, अन् कापायची रीत याची. मग शिवणीले कापड उरलं कुठं?"

वरदचा चमचा हातातच राहिला.

"आत्या, म्हणजे प्रत्येक पुस्तक माया वेगळ्या जागी ठेवते?"

"हव. ज्यानं लिहिलं त्याले ठाऊक. आपण सुरुवातीची पानं वाचाची, दुसरं काय. तुले काहून पडली? ब्लाउज शिवतो काय?"

"मीबी दोन पुस्तकं घेतली आत्या. छतासाठी."

आत्या हसली नाही. "माझं उसवलं तं मी पुन्हा शिवून देईन. तुझ्या छताखाली कोण बसणार रे?"

वरदनं युरोपीय मानक उघडलं आणि तक्त्यांच्या आधीची, त्यानं आजवर ओलांडलेली पानं वाचू लागला. वाचता वाचता त्याचं कुतूहल वाढत गेलं. तिथे वजन आधी वाढवून धरायचं होतं, म्हणून लाकडाची ताकद मोठी मोजलेली चालत होती. देशी पद्धतीत वजन आहे तसंच, पण ताकद आधीच कमी करून धरलेली. त्यानं तिथली मोठी ताकद घेतली होती आणि इथलं न वाढवलेलं वजन. सुरक्षिततेची माया दोन्हीकडे होती. त्याच्या तुळईत ती कुठेच नव्हती!

त्यानं सारी आकडेमोड, वजनासकट, एकाच युरोपीय मानकानं पुन्हा केली. तासभर आग लागली तर बाहेरचा किती थर कोळसा होईल, तोही त्याच मानकानं वजा केला. उंची आली एकोणपन्नास.

सोमवारी देवीदास सर नकाशाकडे पाहतच राहिले. "काहून रे, रविवारी जेवण जास्त झालं काय हिले?"

"सर, माझी चूक होती." वरदनं सगळं सांगितलं.

"मंजुरीवाल्यांच्या लक्षात आलं नसतं."

"नसतं आलं, सर. म्हणून तर आपणच सांगायला पाहिजे."

सर उठले. त्यांनी कपाटातून दोन जुने नकाशे काढले आणि वरदच्या टेबलावर ठेवले. "हे माझे आहेत. हेही तपास. मीसुद्धा असंच केलं असेल."

मित्रहो, दहा नियमांतल्या सोयीच्या दहा ओळी गोळा केल्या म्हणून नियम पाळला असं होत नाही. नियम घ्यायचा तो सुरुवातीच्या पानापासून, सगळा.

बीरगांवच्या वाचनालयाच्या तुळया आज जाड दिसतात. येणारे विचारतात, इतक्या कशाला? खाली पुस्तकात डोकं घालून बसलेल्या मुलांना हा प्रश्न कधी पडत नाही. तो त्यांना पडू नये, एवढंच वरदचं काम होतं.