राजासाठी राखलेलं शिंगरू

एल्याकीमच्या आजोबांनी एक व्रत घेतलं आणि ते निस्तरावं लागलं घरातल्या बायकांना. देवाने वचन दिलेला राजा, मसीहा, येईल तेव्हा गाढवाच्या शिंगरावर बसून यरुशलेमात शिरेल, असं संदेष्टे सांगून गेले होते. शहरात उतरणारी वाट बेथफगे गावातून, एल्याकीमच्या दारावरूनच जात होती. तेव्हा घरात सदैव एक देखणं, पाठीवर कुणीही न बसलेलं शिंगरू तयार पाहिजे, असं आजोबांनी ठरवलं. ते थोराड झालं की विकायचं आणि नवं राखायचं. मसीहा काही आला नाही, शिंगरं मात्र अकरा झाली.

एल्याकीमची बायको अबीटल लग्न होऊन आली तेव्हा सहावं होतं. अकराव्याचा थाट ती आता बघत होती. त्याला सातू, हिलाही सातूच. पण तेलाचं बोट त्याच्या अंगाला लागायचं, हिच्या गुडघ्यांना नाही. रोमी शिपाई वेठीला जनावरं धरायला आले की एल्याकीम बायकोला दारात उभं करी आणि स्वतः शिंगराला घेऊन मागच्या गुहेत लपे. शिपायांनी नेलेलं जनावर गावात कधी परत आलं नव्हतं, तेव्हा लपणं शहाणपणाचंच होतं. पण गुहेत बायकोपुरतीही जागा आहे, हे त्या शहाण्याला तीस वर्षांत सुचलं नाही.

"राजा येईल तेव्हा दावं कुणाच्या हातात असेल?" तो जेवता जेवता विचारी.

"तुमच्याच. बाकीच्यांना कामं आहेत," ती म्हणे.

वल्हांडणाचा सण आठवड्यावर आला होता. सकाळीच दोन माणसं दाराशी आली. पाय धुळीने भरलेले, अंगरखे विटलेले.

"बाबा, हे शिंगरू मिळेल का?" एकाने विचारलं. "आमच्या गुरुजींना पाहिजे होतं. मागून येताहेत ते. लगेच परत पाठवतील."

एल्याकीमने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गालीलचे ना रे तुम्ही? तोंड उघडल्याबरोबर कळलं. आणि मासे धरता, तेही कळलं, वास येतोय."

"हो, धरत होतो."

"मग जाळी सांभाळा. हे कुणासाठी राखलंय ठाऊक आहे? मसीहासाठी! तुमच्या गुरुजींना पाय नाहीत का?"

दुसरा काही बोलणार होता, पण पहिल्याने त्याची बाही ओढली.

"शेजारी मत्तनकडे आहे एक," एल्याकीम मागून ओरडला. "खरजुलं आहे, तुमच्या गुरुजींना शोभेल!"

मत्तन कुंपणाचे दगड रचत होता. त्याने मान वर न करताच "न्या की," म्हटलं.

"द्यायचं होतं ना," अबीटल म्हणाली. "घटकाभराचा तर प्रश्न."

"तू गप्प बस. एकदा कुणी बसलं की विटाळलं."

दुपारी वाटेवर एकच गलका उठला. एल्याकीम माळवदावर चढला, मागून अबीटलही. माणसं फांद्या हलवत होती, अंगरखे काढून धुळीत अंथरत होती. राजा आला, दावीद राजाचा वंशज आला, असं ओरडून त्यांचे घसे बसले होते. मधोमध मत्तनचं खरजुलं शिंगरू आणि त्यावर एक माणूस.

"हा राजा?" एल्याकीम हसला. "पाय बघ, जमिनीला टेकतायत. घोडदळ कुठंय? तुताऱ्या कुठं आहेत?"

"गाढवावरून येणार असं तुम्हीच सांगत होता," अबीटल म्हणाली. "घोडदळ कधीपासून लागायला लागलं?"

जिना उतरताना एल्याकीमने दोनदा भिंत धरली.

उन्हं कलली तसा मत्तन शिंगराला घेऊन परतला.

"दिलं का परत?" एल्याकीमने कुंपणावरून विचारलं. "तेव्हाच म्हटलं! राजा असता तर परत केलं असतं? राजे नेतात."

"मला काय कळतंय, दादा. त्यांनी चारा घालून, पाणी पाजून दिलं. पहिल्यांदाच पाठीवर माणूस बसला, एवढी गर्दी, तरी उधळलं नाही हो हे. घरात माझा पोरगा जवळ गेला तरी लाथ घालतं."

एल्याकीमने त्या खरजुल्या पाठीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "उद्या पुन्हा लागेल, असं म्हणाले का ते?"

"नाही. एकदाच लागणार होतं, म्हणाले."

मत्तन निघून गेला. नवऱ्याचं उतरलेलं तोंड बघून अबीटलला तीस वर्षांत पहिल्यांदा त्याची कीव आली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग तो नव्हताच," हात झटकत एल्याकीम म्हणाला. "खरा असता तर पुन्हा मागायला आला असता."