बरडावरची घंटी

"हे पाहा बाई," ढोरांच्या दवाखान्यातल्या अमरने मेलेल्या मेंढीची कलेजी चिरून दाखवली. भोपळ्याच्या बियांसारख्या चपट्या अळ्या आतून बाहेर ओघळल्या. "दसऱ्याले कुठी चारत होत्या?"

"बोडीच्या काठी," सुगंधाबाई खालच्या तळ्याकडे बघत पुटपुटली. कुडाला टेकून आणखी सहा मेंढ्या उभ्या होत्या. त्यांच्या हनुवटीखाली पाण्याच्या थैल्या लोंबत होत्या.

"मंग बरोबर. पानी उतरते तवा गोगलगायी गवतात राह्यतात. त्यायच्यातून हे गवताले चिकटते. तवाचं खाल्लेलं आता, संक्रांतीले, निंगून राह्यलं. औषध देतो, पन बोडीकडं आता नेऊच नोका."

मग न्यायच्या कुठे? दुसरी चराई वरच्या कोरड्या बरडावरची, आणि बरड मैनेच्या वाट्याचं.

मैना तिची धाकटी जाऊ. सासूने, दोघींच्या आत्याने, डोळे मिटताना कळपाच्या पुढे चालणारी घंटीवाली मेंढी मैनेला दिली, तेव्हापासून सुगंधाबाईच्या पोटात निखारा होता. मैनेची कोकरं सलत, मैनेचा गाता गळासुद्धा सले. वाटणीत तिने भांडून हिरवा बोडीकाठ घेतला. मैना मुकाट्याने खडकाळ बरडावर गेली.

दसऱ्याला तीच मैना कुंपणाशी आली होती.

"बाई, आत्या म्हने नाई का, दसऱ्याले हिरवं, संक्रांतीले रडवं? काठाले नोका नेऊ मेंढ्या."

"काऊन वं? माह्या गवतावर डोळा हाये तुहा! आत्यानं घंटी देल्ली, आता अक्कलबी तुलेच देल्ली काय?"

दुसऱ्या दिवसापासून दव वाळायच्या आधीच तिने कळप काठावर घातला. मैनेला दिसावा म्हणून.

आज ऊन वर आल्यावर ती सहा मेंढ्या घेऊन बरडाच्या पायथ्याशी थांबली.

मैनेने वरून पाहिलं. "या बाई," एवढंच म्हणाली, आणि जिभेने टचकारा दिला.

घंटी वाजली. सुगंधाबाईच्या मेंढ्यांनी सुजलेली तोंडं वर केली. जुनी ओळख होती ती. लटपटत्या पायांनी त्या चढू लागल्या, घंटीच्या मागे. एकीनेही धनिणीकडे वळून पाहिलं नाही.

काठी खांद्यावर टाकून, सुगंधाबाई सगळ्यांच्या मागून बरड चढू लागली.