शुक्रावरचा मासा

गुंजवण्यात इर्जिक घालायची म्हणजे ढोल हवाच. शेजारपाजार नुसत्या जेवणावर राबायला येतो खरा, पण ढोल घुमला तरच हात चालतात. छत्तीस सालच्या भातलावणीत नेमका साळूबाईच्या इर्जिकीच्या दिवशी ढोलवाला ज्ञानू तापाने फणफणला.

साळूबाईचा नवरा आदल्या वर्षी वारला होता. भाताची खाचरं दोन, एक खालचं, एक वरचं. उद्या हीच माणसं मानसिंगच्या शेतात जाणार होती, म्हणजे दोन्ही आजच लागायला हवीत. दुपार झाली तरी खालचंच अर्धं राहिलं होतं. वरचं पडीक राहिलं तर पोरींना होळीपर्यंतही भात पुरणार नव्हता.

तिच्याइतका झपाझप हात पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. ती रांगेच्या मधोमध शिरली आणि बोलू लागली, "शाळंचं मास्तर म्हनत्यात, शुक्राच्या चांदणीवर निस्तं पानीच आसंल. ना काठ, ना खडक. मंग तितला मासा कसा आसंल?"

आवाज तिने मुद्दामच बारीक ठेवला. लावणी करायची ती एकेक पाऊल मागे टाकत. गोष्ट ऐकायची तर तिच्या बरोबरीने मागे सरकायला हवं. जो रेंगाळला त्याची गोष्ट बुडाली.

"लपाया कपार न्हाई," साळूबाई सांगत होती, "मंग धाकलं मासं थोरल्याच्याच पोटाखाली लपाय लागलं. ज्या थोरल्याला खालचं दिसंना, त्यो उपाशी मेला. ज्याचं डोळं जरा खाली हुतं, त्यो जगला. आसं पिढ्यान् पिढ्या चाललं, आन् डोळं पार पोटाला आलं."

सगुणाबाईने शेजारणीला कोपर मारलं. "सरक गं बिगीबिगी, ऐकाया येईना."

म्हातारे कोंडिबा जन्मभर नदीत मासे धरत आलेले, आणि वाकड्यात शिरायची त्यांना भारी हौस. "आन् वरनं कुनी आलं तर?"

"वरनं कोन येनार, मामा? त्योच समद्यांत थोरला."

कोंडिबा नवी जुडी सोडून तिच्या बरोबरीने सरकत राहिले. बघता बघता खालचं खाचर संपलं. दिवस राजगडाच्या खांद्यावर टेकला होता. माणसांनी कंबरा सरळ केल्या. गोष्टीतला धाकला मासा आता थोरल्याच्या पाठीवर जाऊन बसला होता, आणि नेमकं इथे साळूबाईला पुढचं सुचेना. ती कानकोंडी झाली.

"म्होरलं मला येत न्हाई," ती म्हणाली. "चला, जेवून घ्या."

कोंडिबांनी रोपांच्या चार जुड्या उचलल्या आणि सरळ वरच्या खाचरात उतरले. "माशाचं मला इचार की. त्यो थोरला मंग उलटा पवाया शिकला."

"मंग?" सगुणाबाईने विचारलं.

"हितं या, मंग सांगतो." आणि लबाड म्हाताऱ्याने आवाज बारीक केला.

सगळी रांग वर चढली. दुपारपासून पहिल्यांदाच साळूबाई मुकाट्याने लावत होती, ऐकत होती. डोळे भरून वाहत होते. हात चिखलाने भरलेले, पुसणार कसे? थोड्या वेळाने तिला राहवलं नाही.

"मामा, धाकला घावला का वो त्याला?"

"त्यो कसला घावतोय," कोंडिबा मान वर न करता म्हणाले. "लई वस्ताद हाय. लाव तू."