एकोणीस–एकची सकाळ

मी रेडिओची एक जुनी बॅटरी आहे. अबुधाबीच्या वाळूत, तेल शोधणाऱ्या कंपनीच्या छावणीत, भटारखान्याचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवतात. मित्रांनो, माझ्यात आता काहीही उरलेले नाही. जे होते, ते एकोणीसशे चौसष्टच्या जूनमधल्या एका सकाळी संपले.

कारखान्यात माझ्या पोटात काळी भुकटी ठासून भरली. मग जहाज, मग ट्रक, मग रत्नागिरीच्या हनीफ खानसाम्याचा रेडिओ. माझ्यामुळे त्याला मुंबईच्या बातम्या ऐकू येत. तो मला फडक्याने पुसायचा. "हिच्यावर भात शिजत नाही म्हणून, नाहीतर हिलाच बायको केली असतीस," असे त्याचा मदतनीस हमदुल्ला म्हणायचा.

त्या आठवड्यात कोकणच्या समुद्रात वादळ उठले. हनीफचा धाकटा भाऊ याकूब 'मैमुना' नावाच्या मचव्यावर होता. बंदरात परतलेल्या मचव्यांची नावे सकाळी, छावणीच्या घड्याळाने आठला, सांगू, असे रेडिओने रात्रीच कळवले होते. माझी ताकद तेव्हा पावच होती. नवी बॅटरी शनिवारच्या ट्रकने येणार होती.

सकाळी सहाला छावणीतला अमेरिकन बर्ट साहेब हनीफचा रेडिओ मागायला आला. छावणीचे जनरेटर बंद पडले होते, म्हणून त्याचा मोठा रेडिओ मुका झाला होता. अमेरिकेत बेसबॉलचा सामना सुरू होत होता. त्याचा भाऊ टॉमी व्यावसायिक संघात नवाच लागला होता.

"निकाल लागेपर्यंत ऐका, साब," हनीफ म्हणाला. "जबान दिया."

पहिला डाव. टॉमीच्या संघाची एक धाव. समोरच्यांच्या दोन.

हनीफने लगेच रेडिओकडे हात पुढे केला. क्रिकेटमध्ये मागून खेळणाऱ्याने धावसंख्या ओलांडली की सामना संपतो. "वो जीत गया, साब. खलास!"

"नो, नो! नाइन इनिंग, हनीफ. नऊ!"

हनीफचा हात हवेतच राहिला.

तिसरा डाव. एक–सात. समोरचे बादच होईनात. या खेळाला घड्याळ नसते, हे मला तेव्हा कळले.

पाचवा. एक–बारा. साडेसात वाजले. माझा आवाज घोगरा झाला.

"अरे, हा सामना आहे की कत्तल?" हमदुल्ला पुटपुटला. "हनीफभाई, सांग ना त्याला!"

"शब्द दिलाय."

"शब्द दिलास, भाऊ नाही दिलास!"

हनीफ कांदा चिरत राहिला. एकच कांदा, पुन्हा पुन्हा.

आठवा. एक–एकोणीस. आठ वाजायला सहा मिनिटे.

नववा. एक बाद. दोन बाद. आता हरलेल्याच सामन्यात एका नवख्याला बॅट दिली. बर्ट साहेब उभा राहिला. "टॉमी! माय ब्रदर!"

हमदुल्लाला राहवले नाही. "साब, इसका भी भाई है. समुंदर में. आठ बजे खबर आएगी, और बॅटरी मर रही है."

साहेबाने हनीफकडे पाहिले. "क्यों नहीं बोला?"

"जबान दिया था, साब."

दूर मैदानावर लोक ओरडत होते. चेंडू अजून पडायचा होता. साहेबाने डोळे मिटले आणि स्वतःच्या हाताने काटा फिरवला.

खरखर. मग मुंबई.

बाई नावे वाचत होती. माझ्यात जे होते ते मी तळापासून खरवडून दिले. 'सुलतानी'... 'दर्याबहार'... मध्ये नुसती खरखर... 'मैमु—'

मी संपले.

"बोलली का?" हमदुल्लाने विचारले. "पूर्ण नाव बोलली का?"

हनीफ खाली बसला होता. "आला," एवढेच तो म्हणाला, आणि रडू लागला.

टॉमीने त्या चेंडूचे काय केले, ते साहेबाला तीन आठवड्यांनी पत्रातून कळले. चेंडू हुकला होता. पत्र वाचून तो भटारखान्यात आला आणि हनीफला म्हणाला, "बरे झाले, ऐकले नाही."

मित्रांनो, वस्तू जपाच. पण कुणाची वस्तू मागून घ्याल, तेव्हा तिच्या धन्याला एवढे नक्की विचारा, की तिच्याकडून तुम्ही कशाची वाट पाहत होतात?