अकराव्या भागात वारलेले मामंजी

सकाळी संपादिकेचा फोन आला. नातीच्या वयाची पोरगी, पण कामात तिखट.

"आजी, एक विचारू? मामंजी जिवंत आहेत का?"

"कुणाचे गं?" माझे मामंजी जाऊन पस्तीस वर्षं झाली.

"तुमच्या कादंबरीतले."

"चांगले ठणठणीत आहेत. आजच्याच भागात सुनेवर डाफरलेत."

"तेच म्हणते मी. अकराव्या भागात ते वारलेत."

मी वही पुढ्यात ओढली.

माझी कादंबरी हल्ली लोक वाचत नाहीत, फोनवर ऐकतात. रोज एक भाग, बारा मिनिटांचा, आणि शेवट असा की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागला पाहिजे. मी वहीत लिहिते, धाकटी जाऊ संगणकावर टाइप करते, आणि एक गोड गळ्याची बाई ते वाचते. चाळीस भाग ठरलेत. आजच्या एकतिसाव्यात सून गुपचूप ट्रंक भरत असते आणि पाठीमागून मामंजींचा आवाज येतो, "कुठे निघालीस? आधी चहा टाक." भाग तिथेच संपतो. मला तर फार आवडला होता तो शेवट.

"साहेब म्हणतात, आजींचं आता वय झालं," संपादिका चाचरत म्हणाली. "उरलेले नऊ भाग ऑफिसातच लिहून घेऊ, हवं तर संगणकाकडून. मी संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतलाय, तोवर काही तोडगा काढा."

माझी माणसं संगणकाच्या हाती!

पूर्वी असं होऊच शकत नसे. मी लिहायचे त्या साप्ताहिकाच्या छापखान्यात एक कंपोझिटर होते, जाड भिंगाचा चष्मा लावणारे. अक्षराचा एकेक खिळा जुळवत ते माझी गोष्ट माझ्याहून नीट वाचायचे. एकदा भर दुपारी छत्री घेऊन घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "बाई, तुमच्या नायिकेचं एका आठवड्यात दोनदा लग्न लागलंय. कुठलं ठेवू?" आता मधे असं कुणी नाही. वहीतून निघालेलं थेट लोकांच्या कानात.

त्या दुहेरी लग्नापासून मी वहीच्या शेवटच्या पानावर पात्रांच्या जन्म-मृत्यूची नोंद ठेवायची. या खेपेला म्हटलं, कशाला? पहिल्या कादंबरीतल्या नायिकेच्या छत्रीचा रंगसुद्धा मला आठवतो. गर्व नडला.

जावेवर उखडले. "टाइप करताना तुला दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग बोलली का नाहीस?"

"मागे एकदा बोलले तर म्हणालात, तू फक्त बोटं चालव. मी बोटं चालवली." तिने चष्मा पुसला. "शिवाय मला वाटलं, काहीतरी साहित्यिक असेल."

"वाच तो अकरावा भाग. मोठ्याने."

ती वाचू लागली. त्या आठवड्यात मला ताप होता आणि गोष्टीतल्या घरात माणसांची नुसती दाटी झाली होती, म्हणून मी मामंजींना पाच ओळींत उरकलं होतं. ते बाहेरगावी गेलेले. तिथल्या लॉजच्या मॅनेजरचा फोन येतो, की ते वारले, सगळे विधी इथेच झाले, येण्याची तसदी घेऊ नका. तिसऱ्या दिवशी त्यांची खाट माळ्यावर जाते आणि दोघे मुलगे त्यांच्या रेडिओच्या वाटणीवरून भांडतात.

"थांब," मी म्हटलं. "प्रेत कुणी पाहिलं?"

जावेने दोनदा शोधलं. "कुणीच नाही."

"मॅनेजर कोण?"

"चौथ्या भागात तुम्हीच लिहिलंय. मामंजींचा पत्ते खेळणारा दोस्त."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. या म्हाताऱ्याला मी दहा भाग ओळखत होते. चपला कुणी हलवल्या तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. आपल्यामागे काय होईल हे पाहायला तो खोटा निरोप धाडणार नाही तर काय! वीस भाग लॉजवर पत्ते कुटत बसला आणि आता घरी आला.

मी लगेच फोन लावला. संपादिका ऐकता ऐकता इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "थांबा, साहेबांना सांगते."

तो अर्धा तास फार वाईट गेला. मी वहीवर हात ठेवून बसले होते. जाऊ उगाच टेबल पुसत होती, तेच ते टेबल.

फोन वाजला. "आजी, साहेब म्हणाले, नऊच्या नऊ भाग तुम्हीच लिहा. ऐकणाऱ्यांची तर चंगळ आहे. एकाने लिहिलंय, भूत असेल तर चहा पितं कसं? पण खरं सांगा, हे आधीपासून तुमच्या डोक्यात होतं?"

"छे गं. घोडचूक होती."

"बरं. साहेबांना मी यातलं काही सांगणार नाहीये."

फोन ठेवला आणि वही उघडली. पण आज वहीत उतरवायलाही वेळ नव्हता. मी सांगत गेले, जाऊ टाइप करत गेली. मामंजी उंबरठ्यावर उभे. सुनेच्या हातातली घडी घातलेली चादर खाली पडते. आतून दोन्ही मुलगे धावत येतात. म्हातारा कुणाकडे बघत नाही, आपली खाट शोधतो. मग विचारतो, "मी मेल्यावर या घरात रडलं कोण?"

जावेची बोटं थांबली. "बाई गं! अकराव्या भागात तर कुणीच रडलं नाही."

"माहीत आहे."

"मग आता रडलं कोण म्हणायचं?"

"मला तरी कुठे ठाऊक? तू लिही पुढे. सून काहीतरी बोलणार आहे."