देवचाराच्या वहाणा

गोवा घटक राज्य झालं त्याच वर्षीच्या पावसात आमचे हे, बाबुराव, गेले. पेडण्यातलं आमचं घर खाजनाच्या बांधाला लागून आहे. बांधाच्या एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला भरतीचं खारं पाणी. हा बांध देवचार, म्हणजे न दिसणारा राखणदार, राखतो, असा गावाचा विश्वास. दर मार्गशीर्षात त्याच्यासाठी बांधावर नव्या चामडी वहाणा ठेवतात. त्या झिजल्या की देवचार फिरला म्हणून गाव निर्धास्त.

झिजवत होते आमचे हे. देव न मानणारा माणूस, पण पहाटे त्याच वहाणा घालून बांधभर फिरत आणि कुर्ल्यांची, खेकड्यांची, बिळं चिखलाने बुजवत. एक बीळ राहिलं तरी खारं पाणी शिरून शेत नासतं. "देवचाराक पाय खंय आसत? माका आसत," म्हणायचे. त्यांनी हे गावापासून लपवलं नव्हतं. पण लोक म्हणत, बाबुरावाच्या अंगात देवचारच शिरतो. मग यांनी सांगणं सोडलं. मीही यांच्याच मताची. दोघांनी मिळून गावाचे टोमणे खाल्ले आणि मजेत खाल्ले.

ते गेल्यावर घर खायला उठलं. कशासाठी जगायचं, तेच कळेना. जाऊबाई म्हणाल्या, देवचाराला रोट ठेव, मन थाऱ्यावर येईल. मी म्हटलं, ज्याला मानत नाही त्याला जेवायला कशाला बोलावू? त्या चहा न घेता गेल्या.

त्या मार्गशीर्षातही गावाने वहाणा ठेवल्या. मग एका पहाटे दाट धुक्यात बांधावरून आवाज आला. कर्र, कर्र. थांबला, पुन्हा कर्र. बीळ दिसलं की हे असेच थांबायचे. उजाडल्यावर जाऊन पाहिलं, तर वहाणांचे तळ ओल्या चिखलाने भरलेले. पुढे एक बुजवलेलं बीळ आणि त्यावर मुठीचा ठसा. हे शेवटी असाच ठोसा मारत. देवचार असो की हे असोत, आम्ही ज्या मताने जगलो ते सगळं खोटं ठरत होतं. आणि तरी मनातून वाटत होतं, हेच असावेत. मला त्याची लाज वाटली.

दुसऱ्या पहाटे मी बांधावर जाऊन बसले. धुक्यात स्वतःचे पाय दिसत नव्हते. कर्र, कर्र. डोक्यावरून कांबळं घेतलेलं, काठी टेकत कुणीतरी माझ्याकडेच येत होतं. यांना हाक मारावीशी वाटली. ते दोन हातांवर येऊन थांबलं.

"भियेलंस गे कमलाक्षी? हांव प्रभावती."

शेजारची प्रभावती, बारा महिने उपासतापास करणारी. मला रडू फुटलं. हे नव्हते म्हणून रडले, आणि आमचं खरं राहिलं म्हणूनही. तिने रडू दिलं. मग सांगितलं की बीळ कसं बुजवायचं ते तिला यांनीच दाखवलं होतं. मी विचारलं, मग तुझा देवचार कुठे गेला?

"देवचार आसा. पूण बिळां बुजवपाक कोण तरी जाय न्हय?"

तिचे गुडघे धरले होते. वहाणा काढून तिने माझ्यापुढे सारल्या. तिच्या पावलांची ऊब अजून त्यांत होती. तिचं कांबळं डोक्यावरून घेऊन मी निघाले.

पहिलं बीळ बुजवून उठले तर खाली शेताच्या मेरेवर एक म्हातारा उभा होता. धुक्यात मला पाहून त्याने डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि पुटपुटत शेताची राखण मागितली. एरवी मी खो खो हसले असते. तेव्हा हसू आलं नाही. मी पुढचं बीळ शोधायला वाकले.