एकाच सेकंदाच्या दोन फाइली

"एक, दोन, तीन... दाबा!"

प्रोग्रामरकाका ओरडले आणि प्रयोगशाळेच्या दोन्ही काउंटरवरच्या मुलींनी एकदमच बटण दाबलं. दोन्ही प्रिंटर घरघरले. काकांनी झडप घालून कागद उचलले. वर नावं वेगवेगळी, खाली रक्ताचे आकडे मात्र एकाच रुग्णाचे!

"सापडली! सापडली लेकाची!" साठीला टेकलेला माणूस, पण चक्क नाचला.

गेल्या आठवड्यात असाच एक चुकीचा रिपोर्ट गेला होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंच्या ते वेळीच ध्यानात आलं, नाहीतर धडधाकट माणसावर भलतेच उपचार झाले असते. खापर फुटलं रक्त तपासणाऱ्या ताईंवर. नळ्यांची अदलाबदल केली म्हणून त्यांना घरी बसवलं. "काका, माझा हात नाही हो चुकला," एवढंच बोलून त्या गेल्या. तेव्हापासून काकांच्या जिवाला चैन नव्हती.

"पण झालं काय?" एकीनं विचारलं.

"अगं, छापण्याआधी प्रोग्राम आकडे एका तात्पुरत्या फाइलीत लिहितो. फाइलीला नाव देतो घड्याळातल्या वेळेचं. दोघींनी एकाच सेकंदाला दाबलं की नाव एकच! एकीचे आकडे पुसून दुसरीचे बसतात."

काकांची बोटं सपासप चालू लागली. आता नावात काउंटरचा नंबर, वेळ आणि शिवाय दर वेळी बदलणारा एक अगडबंब आकडा. त्या नावाची फाइल आधीच असली, तर तिला हात न लावता दुसरं नाव शोधायचं. पुन्हा एक, दोन, तीन! पन्नास वेळा दाबलं, एकदाही गफलत नाही. मुलींनी टाळ्या पिटल्या.

"पण असलं नाव ठेवणारा शहाणा कोण हो?" दुसरीनं हसत विचारलं.

"मीच," काका म्हणाले. "तेव्हा काउंटर एकच होता."

ते तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. "ताईंना बोलवा. चूक माझी. हे लिहून आणलंय."

"काका, मग तुमची नोकरीतली मुदतवाढ अवघड आहे."

"ठाऊक आहे. कागद फळ्यावर लावा."

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. फळ्यापुढे उभ्या राहून त्यांनी तो कागद शेवटच्या सहीपर्यंत वाचला. मग टाचण्या काढून त्याची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

"अहो ताई, राहू द्या की," काका म्हणाले.

"सगळ्यांनी वाचलंय. पुरे झालं." ताईंनी हातमोजे चढवले आणि दाराकडे पाहून हाक मारली, "या, पुढचं कोण?"